पान एकतीस, पाहिले

४ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज समितीचं अध्यक्षपद गळ्यात पडलं. काकांनी स्वतः फोन केला. काका म्हणजे आमच्या पक्षाचे अध्यक्ष. नात्याने कुणाचेच काका नाहीत, पण सगळा पक्ष त्यांना काकाच म्हणतो. म्हणाले, "तिथे तुझ्यासारखा शांत माणूस हवा." म्हणजे तिसऱ्यांदा आमदार होऊनही मंत्रिपद नाही. लोक नळाबद्दल, रखडलेल्या दाखल्याबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल अर्ज करतात, त्यांना आता मी उत्तरं द्यायची.

खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एकच खिडकी, ती मोटारींच्या तळाकडे उघडते आणि नीट बंद होत नाही. टाचणीने ती दोनदा ओढून पाहिली, मग घडी घातलेला कागद फटीत सारला आणि कामाला लागली. टाचणी ही माझी सचिव. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि कागद एकत्र ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. तिला हे नाव ठाऊक आहे, आणि ते माझ्यापासूनच सुरू झालं हेही.

दुपारी घरी आलो तर ही म्हणाली, "जरा पेपर वाचून दाखवता का?" तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली ही बाई. आयुष्यात कधी दुसऱ्याच्या तोंडून मजकूर ऐकून घेतला नाही. "तुमच्या आवाजात बरं वाटतं," म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर हे ऐकायला मिळालं. अग्रलेखासकट सगळा पेपर वाचून दाखवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

समितीपुढचा पहिला अर्ज माझ्याच विरुद्ध निघाला.

एका इस्पितळात पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर असलेल्या, आता निवृत्त झालेल्या बाईंचा आहे. दृष्टी जन्मापासून नाही. टंकलेखन मात्र असं की एक चूक सापडेल तर शपथ. मजकूर असा: "दोन वर्षांपूर्वी सरकारतर्फे आम्हा सहाशे चाळीस जणांना वाचनयंत्रं देण्यात आली. खाली कागद धरला की यंत्र तो मोठ्याने वाचून दाखवत असे. वाटपाच्या वेळी आमदारसाहेब बावीस मिनिटं बोलले. 'आता तुम्हाला कुणाच्या डोळ्यांची गरज नाही', असं ते म्हणाले. गेल्या पाच महिन्यांपासून सगळी यंत्रं बंद आहेत. कंपनी फोन उचलत नाही. तरी आमदारसाहेबांनी आणखी दोन मिनिटं बोलावं ही विनंती."

टाचणी म्हणाली, "सुनावणी लावू?"

"खात्याकडे अभिप्रायासाठी पाठव," मी म्हणालो. कुठलाही कागद डोळ्यांसमोरून हलवायचा असला की आम्ही हेच करतो.

"खात्याकडे तीनदा जाऊन आलाय. मागे जोडलंय सगळं."

सुनावणी लावली. बावीस मिनिटं जरा जास्तच झाली होती खरी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेटर बाई ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आल्या. हातात काठी, खांद्याला पिशवी. दारातच थांबून विचारलं, "अध्यक्ष कुठे बसलेत?"

"या, इथे समोर," मी म्हणालो.

"हां. बावीस मिनिटं. ओळखला आवाज."

यंत्र टेबलावर ठेवलं. चौकोनी खोकं, वर काच. त्यांनी त्याखाली आमच्याच समितीचं पत्र सारलं आणि बटण दाबलं. आतून एक गोड बायकी आवाज आला: "ही सेवा आता उपलब्ध नाही. कृपया नवीन योजना निवडा." बाईंनी तीनदा दाबलं, तीनदा तेच आलं.

"एवढं एकच वाक्य राहिलंय त्याच्याकडे. आमच्या इस्पितळात एक साहेब होते, निवृत्तीच्या आधी त्यांचंही असंच झालं होतं."

समितीतले बाकीचे दोघे हसले. मग बाईंनी झाकणावरून बोट फिरवत विचारलं, "इथे काहीतरी गुळगुळीत चिकटवलंय. दोन वर्षं विचारीन म्हणतेय. काय आहे ते?"

टाचणी खाली मान घालून लिहीत होती.

"माझा फोटो आहे," मी म्हणालो.

बाईंनी बोट उचललं. "आमच्या यंत्रावर?" एवढंच म्हणाल्या. रागाने नाही. चुकीचा नंबर लागलेल्या माणसाला विचारावं तसं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कार्यालयाच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाली बाई बसते. मिक्सर, रेडिओ, मोबाईल, जे आणाल ते उघडते. बाईंनी समितीकडे ठेवलेलं यंत्र तिच्याकडे घेऊन गेलो. तिने चार स्क्रू काढले, आत पाहिलं, परत बसवले.

"यात काही बिघडलेलं नाही. कॅमेरा ठीक, आवाज ठीक. वाचायचं डोकंसुद्धा आतच आहे. फक्त दर वेळी वाचायच्या आधी हे कंपनीला विचारतं, वाचू का? तिकडून आता 'नको' येतं."

"मग ते विचारणं बंद करून टाक की."

"करते. तासाभराचं काम. पण कंपनीचं कुलूप तोडलं म्हणून मला आत टाकतील. कायदा आहे तसा. तुम्हीच केलाय ना?"

केलाय. सहा वर्षांपूर्वी. त्या दिवशी सभागृहात बहुधा मी होतो. हात वर केला असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

मतदारसंघाचं पत्रक छापून आलं आणि पहिल्याच ओळीत "जबाबदार" चं "जबाबदर" झालेलं. हिने तपासलं होतं. मी जरा आवाज चढवून बोललो. एरवी हिने मलाच झापलं असतं, आज नुसती म्हणाली, "राहून गेलं." छापखान्याचं घरी येणारं कामही हिने बंद केलंय, म्हणते कंटाळा आला. वयाप्रमाणे माणूस ढिला पडतो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या मात्र हौसेने चिकटवल्यात, नात सुट्टीला येईल तेव्हा पडू नये म्हणून. नात नऊ वर्षांची आहे, उड्या मारत जिना उतरते.

मुलीचा रोज संध्याकाळी हिला फोन असतो, तासतासभर. मी खोलीत आलो की गप्पा थांबतात. मायलेकींचं काय चालतं कोण जाणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहायला आज दोनदा बसलो आणि दोनदा उठलो.

खरेदीची मूळ फाईल मागवली होती. कंपनीने फसवलं, खात्याने झोपा काढल्या, असा अहवाल मनात तयारच होता. करार चव्वेचाळीस पानांचा. एकतिसाव्या पानावर कलम आहे: कंपनीला योग्य वाटेल त्या दिवशी, कारण न देता, सेवा थांबवता येईल, यंत्र सुरू ठेवण्याची कोणतीही जबाबदारी कंपनीवर राहणार नाही. त्या पानाला कडेला चिठ्ठी टाचलेली. अक्षर टाचणीचं: "हे कलम कृपया बघावे. यंत्रं कधीही बंद पडू शकतात." आणि त्याखाली, लाल शाईत, माझ्या हस्ताक्षरात: "पाहिले." खाली आद्याक्षरं.

मी तेव्हा खरेदी समितीवर होतो. ते पान मी पाहिलं नव्हतं. चिठ्ठीसुद्धा वाचली नव्हती. नुसतं "पाहिले" लिहिलं होतं.

टाचणीला विचारलं, "मला तोंडी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, फोटोवाले थांबलेत."

"मग आता, अर्ज आल्यावर तरी?"

तिने पेनाचं टोपण बंद केलं. "तुम्ही फाईल मागवता का, ते बघत होते."

अकरा वर्षांत मी तिला एकेरीच हाक मारत आलोय. आज तोंडातून "सांगितलंत" कसं निघालं, कळलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेटर बाईंच्या मजल्यावर भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक एकटे राहतात. वाचनयंत्र त्यांनाही मिळालं होतं. औषधांच्या पाकिटांवरची नावं ते त्यावर वाचून घेत. यंत्र बंद पडल्यावर पाकिटांना वेगवेगळे रबर लावून काम भागवत होते. परवा रबर तुटला. रक्तदाबाची गोळी त्यांनी दिवसातून तीनदा घेतली आणि स्वयंपाकघरात पडले.

इस्पितळात भेटून आलो. शुद्धीवर आहेत, बोलतात. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "चूक माझीच आहे साहेब. मोजायला हवं होतं." मी म्हणालो, "नाही, चूक तुमची नाही." "मग कुणाची?" त्यांनी सहज विचारलं, वर्गात विचारावं तसं. मी म्हणालो, चौकशी चालू आहे. जिना उतरताना स्वतःचीच इतकी किळस आली की रेलिंगला हात लावून थांबलो.

ठरवलं. अशासकीय विधेयक मांडायचं, म्हणजे सरकारचं नाही, एकट्या सदस्याचं. अशी विधेयकं बहुतेक पडतात, पण चर्चा होते आणि प्रत्येक शब्द नोंदला जातो. टाचणीला सांगितलं. तिने कोरा कागद समोर ओढला आणि म्हणाली, "पहिलं कलम सांगा."

२ मार्च, रविवार

यंत्र घरी आणलं होतं. विधेयक लिहिताना समोर असावं म्हणून अभ्यासिकेत ठेवलं. सकाळी फिरून परत आलो तर आतून तो गोड आवाज येत होता: ही सेवा आता उपलब्ध नाही. पुन्हा तेच. पुन्हा. दारातून पाहिलं. ही माझ्या खुर्चीत बसली होती. यंत्राखाली एक पत्र धरून बटण दाबत होती. पत्र नेत्रचिकित्सालयाचं होतं. मला तिथूनही वरची निळी मुद्रा दिसत होती. हिचं नाक कागदापासून चार बोटांवर होतं.

"काय लिहिलंय त्यात?" मी विचारलं.

दचकली नाही. "तेच कळत नाही ना. म्हणून तर खटाटोप."

वाचून दाखवलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडांनी दिसतं, तेही कमी होत जाणार. उपचारांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. पुढली तारीख अठ्ठावीसची.

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"मुलीला माहीत आहे?"

"ती पत्रं वाचते मला. मी फोनसमोर धरते, ती तिकडून वाचते. काल तिला वेळ नव्हता."

"आणि मला नाही सांगावंसं वाटलं?"

ती जराशी हसली. "सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतंत."

मी खाली बसलो. पायऱ्यांच्या पिवळ्या पट्ट्या. पेपर. "जबाबदर". मागची पानं आत्ता चाळली. सगळं मीच लिहून ठेवलंय, आणि एक अक्षर मला वाचता आलं नाही.

"एक गोष्ट आधीच सांगते," ही म्हणाली. "माझं नाव सभागृहात घ्यायचं नाही. माझे डोळे तुमच्या विधेयकासाठी नाहीत."

३ मार्च, सोमवार

काही लिहिण्यासारखं नाही. पेपर वाचून दाखवला. अग्रलेख गाळायला सांगितला तिने. म्हणते, पहिल्यापासून गाळायचाच होता.

१२ मार्च, बुधवार

काकांनी बोलावलं. समोर कंपनीचा प्रतिनिधी बसला होता, तरुण, अतिशय सभ्य. काकांच्या मतदारसंघात कंपनी कारखाना काढतेय, तीनशे लोकांना काम मिळेल. प्रतिनिधीने मला समजावलं की जुन्या यंत्रांना आधार देत बसलं तर नवीन संशोधन थांबतं. नवं यंत्र जास्त भाषा वाचतं. सगळं करारानुसारच झालंय.

"करारानुसारच झालंय," मी म्हणालो. "तो करार मीच मंजूर केलाय. माझी तक्रार दोघांविरुद्ध आहे."

प्रतिनिधीने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "सगळ्यांसमोर स्वतःची अब्रू काढून घेण्याची हौस कशाला? मंत्री आश्वासन देतील, तू विधेयक मागे घे. प्रश्न मिटला."

"आश्वासन तर मीही दिलं होतं, काका. बावीस मिनिटं."

काकांना ते कळलं नाही. निघताना मात्र पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या निवडणुकीचं पुढे बघू." म्हणजे त्यांनी फार मनावर घेतलेलं दिसत नाही. टाचणीला सांगितलं तर तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत तिने अर्धी रजा कधी मागितली नव्हती. कुणाकुणाचे आपापले व्याप असतात.

विधेयक आता पाच कलमांचं झालंय. माझं म्हणणं टाचणीपुढे बोलून बोलून साधं होत गेलं. आपण म्हणतो, लोकांपर्यंत तंत्रज्ञान पोचवलं. पोचवतो ते खोकं. ते चालू राहील की नाही हे दुसऱ्याच कुणाच्या मर्जीवर. माणसाने घेतलेली वस्तू त्याच्या घरात असते आणि तिची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात. ज्याला डोळ्यांनी वाचता येतं तो वैतागतो आणि दुसरी वस्तू आणतो. ज्याला येत नाही तो रबर लावून गोळ्या ओळखतो. म्हणून: यंत्र विकलं की दहा वर्षं ते चाललं पाहिजे, सेवा थांबवायची असेल तर कुलपाची किल्ली द्यायची, उघडून दुरुस्त करणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचं नाही. करार जनतेसमोर ठेवायचे. आणि पाचवं, प्रत्येक करारावर कुणी सही केली त्यांची नावं पहिल्या पानावर छापायची.

समितीतला एक सदस्य म्हणाला, पाचवं काढा, त्यावरच सगळे बिथरतील. बिथरतील खरे. काढलं तर बाकीची चार मी कुठल्या तोंडाने मांडू?

२० मार्च, गुरुवार

उद्या चर्चा आहे, आणि आज टाचणीने नियमावली समोर ठेवली. विधेयकात सदस्याचा किंवा त्याच्या जोडीदाराचा काही संबंध गुंतलेला असेल तर बोलण्याआधी सभागृहाला तसं सांगावं लागतं. न सांगता बोललो तर नियमभंग. सांगितलं तर हिला दिलेला शब्द मोडतो.

दुपारी घरी गेलो आणि हिला सरळ विचारलं. ती भाजी निवडत होती, बोटांनी, न बघता. हातातली जुडी संपवली, देठं बाजूला सारली.

"लपवलं तर तुमच्या पाचव्या कलमाला काय अर्थ राहिला," शेवटी म्हणाली. "लिहा. 'या विधेयकातील यंत्रांची गरज माझ्या घरातही आहे, हे मी सभागृहाच्या निदर्शनास आणतो.'"

मी लिहिलं. पुढे मला आणखी एक वाक्य सुचलं, अंधाराबद्दलचं, बरं होतं. वाचून दाखवलं.

"काढा."

"एकच वाक्य आहे."

"पहिल्यात माहिती आहे. दुसऱ्यात तुम्ही आहात. पूर्णविराम द्या आणि पुढच्या मुद्द्याला लागा."

काढलं. डोळे अधू झालेत, पण मजकुरातलं काय जादा आहे ते तिला अजून माझ्याआधी दिसतं.

२१ मार्च, शुक्रवार

सगळं सविस्तर लिहायला हवं, पण जेवढं नीट आठवतं तेवढंच लिहितो.

प्रेक्षकांच्या सज्जात ऑपरेटर बाई पहिल्या रांगेत होत्या. भूगोलाचे शिक्षक त्यांच्या शेजारी, हाताला अजून पट्टी. सभागृह अर्धं रिकामं. शुक्रवारी दुपारी असतंच.

उभा राहिलो. ठरलेलं वाक्य बोललो. पूर्णविराम दिला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, कुणीतरी विचारलं, "घरात कुणाला?" मी म्हणालो, "नियमाने जेवढं सांगायचं तेवढं सांगितलंय," आणि पुढे गेलो.

मग एकतिसावं पान वाचलं. कलम वाचलं. चिठ्ठी वाचली. आणि म्हणालो, "याखाली लाल शाईत 'पाहिले' असा शेरा आहे. तो माझा आहे. मी पान पाहिलं नव्हतं. कंपनीने जे लिहिलं ते छापून दिलं होतं, लपवलं नव्हतं. सचिवांनी चिठ्ठी लावली होती. लोकांच्या आणि या कलमाच्या मध्ये एकच माणूस उभा होता, आणि तो फोटो काढून घेत होता. एक शिक्षक त्यामुळे मरता मरता वाचले. त्यांनी मला विचारलं होतं, चूक कुणाची. मी तेव्हा उत्तर टाळलं. ते आज इथे आलेत म्हणून सांगतो. माझी."

हे बोलून मला काही हलकं वाटलं नाही. मग पाचही कलमं एकेक करून समजावली. एकूण नऊ मिनिटं.

मंत्री उभे राहिले. भावना समजू शकतो, शासन विचार करेल, सदस्याने विधेयक मागे घ्यावं. समोरून काकांची चिठ्ठी आली. एकच शब्द: "घे." घडी घालून खिशात ठेवली आणि मतदान मागितलं.

बाजूने एकेचाळीस, विरोधात सत्तेचाळीस. पडलं. आमच्याच पक्षातले सहा जण माझ्या बाजूने उभे राहिले, त्यातले दोघे असे की ज्यांच्याशी माझं वर्षभर बोलणं नाही.

बाहेर ऑपरेटर बाई भेटल्या. म्हणाल्या, "आज आवाज वेगळा होता तुमचा." बरा की वाईट, ते सांगितलं नाही.

२४ मार्च, सोमवार

विधेयक पडलं तरी समितीचा अहवाल उरतो. तो सभागृहापुढे ठेवायला कुणाचं मत लागत नाही. अध्यक्षाची सही पुरते. सगळा करार परिशिष्ट म्हणून जोडला, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस पानं. पहिल्या पानावर सह्या करणाऱ्या पाच जणांची नावं, माझं सर्वांत वर. समितीतल्या सदस्याने विचारलं, "हे नियमात बसतं?" टाचणी म्हणाली, "बसत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. दोनदा पाहिलंय." आणि माझ्याकडे बघून, "मी वाचून पाहिलंय."

सही करण्याआधी मी सगळी पानं वाचली. पावणेतीन तास लागले. तेव्हासुद्धा एवढेच लागले असते.

८ एप्रिल, मंगळवार

अहवाल बाहेर पडल्यावर जे झालं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. याच कंपनीची यंत्रं वाचनालयांनी, इस्पितळांनी, दोन विद्यापीठांनी घेतली आहेत. त्यांनी आपापले करार उघडून एकतिसावं पान शोधलं. सगळीकडे तेच कलम. अकरा ग्रंथपालांनी मिळून कंपनीला लिहिलं की किल्ली देणार नसाल तर नवीन यंत्रं नकोत. भूगोलाच्या शिक्षकांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहवून पाठवली. त्यातले तिघे वर्तमानपत्रांत निघाले.

१६ एप्रिल, बुधवार

कंपनीने जाहीर केलं: "ग्राहकांवरील प्रेमापोटी" जुन्या यंत्रांची कुलपं काढत आहोत. यापुढे ती कुणाला न विचारता वाचतील. कुलपाच्या कायद्याबद्दल किंवा दहा वर्षांबद्दल अर्थात अवाक्षर नाही. उद्या दुसरी कंपनी हेच करू शकते. पण सहाशे चाळीस यंत्रं चालू होणार.

टाचणीने जाहीरनामा वाचून विचारलं, "प्रेमापोटी या शब्दावर खुलासा मागवू?"

"राहू दे. यंत्रं सुरू होऊ देत."

पक्षाची उमेदवारांची पहिली यादी आली. माझ्या जागी दुसऱ्याचं नाव आहे. "पुढे बघू" चा अर्थ टाचणीला तेव्हाच कळला होता. तिने आज सांगितलं की अर्धी रजा घेतली त्या शुक्रवारी ती ग्रंथालय संचालनालयात मुलाखतीला गेली होती. नेमणूक झालीय. मला वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही. जून अखेरपर्यंत इथेच आहे म्हणाली. माझीही मुदत तोपर्यंतच. विधेयक पुन्हा मांडायला आणखी दोन शुक्रवार मिळतात. चार मतं फिरवायची आहेत. यादी करायला घेतली.

२७ एप्रिल, रविवार

दुरुस्तीवालीने शनिवारी ऑपरेटर बाईंचं यंत्र चालू करून दिलं. ते पोचवायला मी आज स्वतः गेलो. झाकणावरचा फोटो आधी गरम पाणी लावून खरवडून काढला. चिकटपणा थोडा राहिलाच. ही म्हणाली, "मीही येते." कशाला, ते मी विचारलं नाही.

बाईंनी यंत्राखाली हाताला लागलेलं पहिलं पुस्तक ठेवलं. रेल्वेचं दोन वर्षांपूर्वीचं वेळापत्रक होतं. यंत्राने न अडखळता गाड्यांच्या वेळा वाचायला सुरुवात केली. बाई शेवटच्या स्थानकापर्यंत ऐकत राहिल्या. मग ते बंद करून हिच्या दिशेने वळल्या. "तुम्ही बोलला नाहीत अजून."

ही म्हणाली, "मला विचारायचंय काही. बरंच आहे."

"विचारा." मग माझ्याकडे तोंड करून, "साहेब, तुम्ही चहा करा. ओट्यावर सगळं आहे. जे जिथून उचलाल ते तिथेच ठेवायचं, बोटभरही इकडेतिकडे नाही."

स्वयंपाकघर लहान, पण इतकं नेटकं की मी दारातच थबकलो. डबे उंचीप्रमाणे, धरायचे कान सगळे उजवीकडे. चमचा खिळ्याला. काडेपेटी शेगडीच्या डाव्या कोपऱ्याला टेकलेली. दिवा लावायचं बटण शोधायला मला वेळ लागला. त्यावर धूळ होती. मी साखरेचा डबा उचलण्याआधी तो कुठे आहे ते नीट पाहून घेतलं.

बाहेरून हिचा आवाज येत होता. भाजी चिरताना बोट कुठे ठेवता. कपडे कसे ओळखता. रस्ता ओलांडायची भीती किती दिवसांनी जाते. तिला भीती वाटते हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. बाई एकेकाचं उत्तर देत होत्या, सावकाश, मध्येच काहीतरी बोलल्या आणि ही हसली. बऱ्याच महिन्यांत मी हे हसू ऐकलं नव्हतं. आत जाऊन दोन शब्द बोलावेत असं फार वाटलं. चांगले सुचलेही होते.

गेलो नाही. चहा उकळू दिला. तीन कप भरले, मग साखरेचा डबा जागेवर ठेवला, कान उजवीकडे केला, चमचा धुऊन पुसून खिळ्याला अडकवला, काडेपेटी कोपऱ्याला टेकवली. आणि सगळं होतं तसं आहे ना, ते एकेक करून पाहिलं.